आजोबांच्या ट्रंकेतल्या दगडी माशाला नाव कसं मिळतं

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांनाही कळेल. जुळे सोलापूरच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचे आजोबा १९६० च्या आसपास फॉरेस्ट खात्यात सिरोंचाला होते (तेव्हा तो चांदा जिल्हा होता), त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत वीतभर लांबीची दगडाची पाटी निघाली, तिच्यावर मासा आहे, शेपटीकडचा भाग तुटलाय, खवले चौकटी-चौकटीचे, काळे आणि चमकदार. आई अधूनमधून खोबरेल तेल लावून पुसते म्हणजे अजून चमकतात. आता ताईंना कळायला हवंय की हा मासा कुठला, हे शास्त्रज्ञ नक्की कशावरून ठरवतात, आणि नवीन प्रजाती निघाली तर तिला 'सोलापुरेन्सिस' किंवा आजोबांचं नाव देता येईल का.

सगळ्यात आधी ताई, ते तेल आजपासून बंद करा. आईंना समजावून सांगा, रागावू नका, त्यांनी मायेनंच केलंय. पण तेल दगडाच्या बारीक भेगांत मुरतं, त्यावर धूळ बसते, आणि खवल्यावरचे अगदी बारीक कंगोरे आणि ठिपके, ज्यांच्यावर आमचं अर्धं काम चालतं, ते भरून जातात. व्हिनेगर, लिंबू, बाथरूम साफ करायचं ॲसिड, वायर ब्रश, वॉर्निश, काहीही लावू नका. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटका आणि जुन्या सुती कापडात गुंडाळून ठेवा, बस.

आता मूळ मुद्दा. मी जवळपास पंचवीस वर्षं मासळीच्या जीवाश्मांवर काम करतोय, बराचसा वेळ नागपूर-चंद्रपूरकडच्या थरांत गेला, आणि हा प्रश्न मला दरवेळी एकाच पद्धतीनं विचारला जातो, "याचं नाव काय?" लोकांना वाटतं नाव माशाच्या आत कुठंतरी असतंय आणि जाणकारानं बघितलं की ते बाहेर येतंय. तसं नाही. प्रजातीचं नाव हे जगात कुठल्यातरी एका म्युझियमच्या कपाटात नंबर घालून ठेवलेल्या एका नगाला बांधलेलं असतं. त्या नगाला होलोटाइप म्हणतात. बाकीचे सगळे नग त्याच्याशी ताडून बघायचे, जुळले तर ते नाव लागतं, नाही जुळले तर नाही. म्हणजे तुमचा खरा प्रश्न असा आहे की या पाटीवर एवढा भाग शिल्लक आहे का, की तिची कुठल्या होलोटाइपशी प्रामाणिकपणे तुलना करता येईल? शेपटी नाही, डोकं कितपत आहे तुम्ही लिहिलं नाही. त्यामुळं मी खाली जे सांगतोय त्यातलं बरंच डोक्याच्या अवस्थेवर अवलंबून आहे हे धरून चला.

दुसरी अवलंबून गोष्ट म्हणजे जागा. आजोबा सिरोंचाला होते म्हणून दगड सिरोंचाचाच असेल असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण ऐकताक्षणी माझे कान टवकारले हे खरं. कारण सिरोंचाजवळ प्राणहितेच्या काठी कोटा नावाचं गाव आहे आणि त्या गावाच्या नावानंच तिथल्या थरांना कोटा फॉर्मेशन म्हणतात. ज्युरासिक काळातला, फिकट रंगाचा, पातळ पातळ थरांचा चुनखडक, आणि त्यात असेच जाड चमकदार खवल्यांचे मासे मिळतात, दीडशे वर्षांहून जास्त काळ मिळतायत. दुसरी शक्यता चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, तिथं लॅमेटा थरांत मासे आहेत, पण ते डायनासोरच्या अगदी शेवटच्या काळातले, म्हणजे कोट्याच्या माशांपेक्षा दहा कोटी वर्षांनी धाकटे. त्या भागात जाऊन आलेल्या कुणी मित्रानं आजोबांना दिला असं पण होऊ शकतं. आणि तिसरी शक्यता, जी मी कायम मनात ठेवतो, की दगड घरात नंतर कुणीतरी आणला.

सोलापूरच्या आसपास मिळाला असं मात्र नाही म्हणता येणार. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, विहीर खणली की मुरूम आणि मग पाषाण, त्यात मासा राहील कसा. दोन लाव्ह्यांच्या मधे तळं साचलं असेल आणि त्याचा गाळ राहिला असेल तर त्यात मासे मिळतात, पण तसे चांगले थर विदर्भ, मध्य प्रदेश, तेलंगणाकडं जास्त. दर पावसाळ्यानंतर मला कुणीतरी शहाबादी फरशीवरच्या 'मासा' किंवा 'झाडाचं पान' याचे फोटो पाठवतं. ती फर्नसारखी काळी नक्षी मँगनीजची असते, पाणी भेगेतून झिरपून तयार झालेली, आणि शहाबादचा तो चुनखडक माशांच्या जन्माच्याही आधीचा आहे, त्यात मासा सापडूच शकत नाही. तुमच्या वर्णनातले चौकटीचे खवले मात्र मँगनीज करू शकत नाही, ते मला खरे वाटतायत.

खरा-खोटा हे एकदा बघून घ्या तरी. चांगलं भिंग घ्या आणि खवल्याच्या कडेशी बघा, खरा खवला दगडात शिरलेला असतो, त्याची जाडी दिसते, तुटला असेल तर आत दोन थर दिसतात, वरचा काचेसारखा आणि खालचा हाडाचा. रंगवलेला असेल तर रंग दगडाच्या कणांवरून वाहिलेला दिसतो. बाजारात परदेशी माशांच्या पाट्या मिळतात, अमेरिकेतल्या वायोमिंगच्या नाइटिया माशाच्या तर हजारोंनी, त्यातल्या काहींवर दुकानात ब्रश फिरवलेला असतो. पण नाइटियाचे खवले पातळ, हाडं नाजूक, आपल्या हेरिंग-भिंगीच्या घरातला मासा तो, तुमच्याशी त्याची गल्लत होणार नाही.

आता मी असा नग हातात आला की काय करतो ते सांगतो. नावाचा विचार मी सगळ्यात शेवटी करतो. आधी वहीत चित्र काढतो, पेन्सिलनं, फोटो कितीही चांगला असला तरी, कारण चित्र काढताना हाताला प्रत्येक कड ठरवावी लागते, हाड कुठं संपलं आणि भेग कुठं सुरू झाली ते. मग वरून खाली उतरतो. शार्क-पाकट यांच्या घरातला आहे का? नाही, कारण त्यांचा सांगाडा कूर्चेचा असतो आणि बहुतेक वेळा नुसते दातच उरतात. मांसल पाकळीसारखे पर असणारा आहे का, म्हणजे सीलाकँथच्या घरातला? कोट्यात तसाही एक मासा आहे, इंडोसीलाकँथस रोबस्टस, १९७४ मध्ये सोहनलाल जैन यांनी नाव दिलेला, म्हणून ही शक्यता मी सोडत नाही. पण चौकटीचे चमकदार खवले एकाला एक लागून ओळीत बसले असतील तर तो किरणपरी माशांतला, म्हणजे ज्यांचे पर बारीक काड्यांवर ताणलेले असतात त्यांच्यातला, जुन्या धाटणीचा मासा.

ते खवले नीट बघा, बघण्यासारखे असतात. आपल्या जुन्या घरांवरची मंगलोरी कौलं आठवा, एका कौलाची खाच दुसऱ्याच्या उंचवट्यात बसते आणि वारा आला तरी सरकत नाहीत. या खवल्यांना वरच्या कडेला एक छोटी खुंटी असते आणि ती वरच्या ओळीतल्या खवल्याच्या आतल्या बाजूच्या खोबणीत बसते. वरचा चमकदार थर गॅनॉइनचा, दातावरच्या इनॅमलच्या जातीचा, म्हणूनच सतरा-अठरा कोटी वर्षांनंतरही तो तुमच्या आईच्या हाताखाली चमकतोय, त्यात तेलाचं श्रेय काही नाही. पाटीवर एखादा खवला सुटा पडला असेल आणि आतली बाजू वर आली असेल तर ती खुंटी तुम्हाला भिंगाशिवाय दिसेल.

मग अंगाचा आकार. लांबट, रोहूच्या अंगानं जाणारा असेल तर लेपिडोटीसकडं लक्ष जातं. पापलेटसारखा उंच आणि गोल असेल तर पॅराडॅपेडियम किंवा टेट्रागोनोलेपिस, ही दोन्ही कोट्यातली. बारीक आणि सडपातळ असेल तर फोलिडोफोरससारखं काहीतरी. आकारावर थांबायचं नाही, तिथून मोजणी चालू होते. मधल्या रेषेवर किती खवले, वरच्या पराच्या मुळापासून खालपर्यंत तिरक्या ओळीत किती, पराची किरणं किती, पाठीवरचा पर पोटाच्या पराच्या पुढं सुरू होतो की मागं, पराच्या पुढच्या कडेला छोट्या काट्यांची झालर आहे का. तुमच्या नगात शेपटी नाही म्हणजे शेपटीची वरची पाकळी मोठी होती का, खवले तिच्यात किती चढत होते, हे सगळं गेलं. ते नुकसान मोठं आहे पण त्यामुळं हातपाय गाळू नका.

सगळ्यात जास्त माहिती डोक्यात असते. गालावरची हाडं किती, डोळ्याभोवतीच्या हाडांचं कडं कसं आहे, कल्ल्याचं झाकण, जबडा किती मोठा, आणि दात. लेपिडोटीसचे दात गोल बटणासारखे, शिंपले फोडायला. युरोपात पूर्वी हेच दात सुटे सापडायचे आणि लोक त्यांना बेडकाच्या डोक्यातला मणी समजून अंगठीत बसवायचे, विषावर उतारा म्हणून, आपल्याकडं नागमण्याचं जसं बोललं जातं अगदी तसं. तुमच्या पाटीवर तोंडाच्या जागी काळे गोल मणी दिसले तर लगेच फोटो टाका.

माझ्या घरी याच कामासाठी एक कपाट आहे. बाजारातून मरळ, रोहू, शिंगाळा, वाम आणायचे, डोकं मंद आचेवर उकळायचं, मांस सुटलं की एकेक हाड टूथब्रशनं साफ करून वर्तमानपत्रावर वाळवायचं, नंबर घालून मिठाईच्या डब्यात ठेवायचं. मरळीच्या एका डोक्याला मला दोन दिवस लागतात. पुस्तकातलं चित्र सपाट असतं, पण ते हाड बोटांत धरून फिरवलं की दगडात आडवं दबलेलं हाड कुठल्या बाजूनं दिसतंय ते कळतं. नवीन विद्यार्थ्यांना मी आधी हेच करायला लावतो, जीवाश्म नंतर.

इथं एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण वर्गीकरणाचं मर्म तिच्यात आहे. चमकदार खवले दिसले म्हणून दोन मासे नातेवाईक ठरत नाहीत. लुई अगासी यांनी १८३३ ते १८४३ मध्ये जीवाश्म माशांवर प्रचंड काम केलं आणि खवल्यांवरून माशांचे चार मोठे गट पाडले, त्यातला एक गॅनॉइड, म्हणजे अशा चमकदार खवल्यांचा. त्या काळी ते फार उपयोगी पडलं. पण पुढं कळलं की असे खवले हा जुना वारसा आहे, बऱ्याच जुन्या घराण्यांत तो होता, काहींनी टिकवला आणि काहींनी टाकला. आज अमेरिकेतल्या गार माशाकडं तो आहे, आफ्रिकेतल्या बिचिरकडं आहे, आणि हे दोघं एकमेकांच्या जवळचे मुळीच नाहीत. असं समजा, दोन घरांत पितळी घंगाळ आहे म्हणून ती भाऊबंद होत नाहीत, पूर्वी सगळ्यांकडंच घंगाळ असायचं. पण दोन घरांच्या रेशन कार्डावर आडनावात एकच विचित्र चूक असेल, जी गावात दुसऱ्या कुणाकडं नाही, तर ती दोन्ही घरं कधीतरी एका कार्डावर होती असं मी म्हणेन. वर्गीकरण करताना आम्ही अशा नंतर आलेल्या, दोघांतच सापडणाऱ्या बदलांच्या मागं असतो. जुन्या वारशावरून नातं लावायचं नाही, हे लक्षात यायला विज्ञानालाच शंभरएक वर्षं लागली.

आणि माझी स्वतःची चूक. सुरुवातीच्या वर्षांत मला एका जागी छोटे छोटे मासे मिळाले, पाच-सहा सेंटिमीटरचे, डोळे मोठे, तोंड आखूड, त्याच थरातल्या मोठ्या माशांहून अगदी वेगळे दिसत होते. मी मनात नावही ठरवलं होतं. माझ्या सरांनी एवढंच सांगितलं की अजून नग आण. दोन सीझन गेलो, मधल्या मापाचे मासे मिळाले, मग डोळ्याचा व्यास आणि अंगाची लांबी आलेख कागदावर मांडली, आणि सगळे ठिपके एकाच रेषेवर आले. ती पिल्लं होती. पिल्लांचे डोळे मोठेच असतात, माणसाच्या बाळाचे बघा की. ते नाव छापलं गेलं असतं तर माझ्या पाठीमागं येणाऱ्या प्रत्येकाला ते निस्तरावं लागलं असतं. तेव्हापासून एकाच नगावरून नवीन प्रजाती म्हणायला मी फार कचरतो. नियम अडवत नाही, एका नगावरही नाव देता येतं, पण वय, नर-मादी, मेल्यावर अंग फुगणं, दगडात दबणं, या सगळ्यानं आकार बदलतो आणि एकटा नग त्यातलं काहीच सांगू शकत नाही.

कुणीतरी विचारेल की डीएनए का नाही करत. नाही राहत तो एवढा. आत्तापर्यंत वाचता आलेला सगळ्यात जुना डीएनए ग्रीनलँडच्या गाळातला, वीसएक लाख वर्षांचा. कोट्याचा मासा त्याच्या ऐंशी-नव्वद पट जुना. त्यामुळं जिवंत माशांत प्रजाती म्हणजे जे आपसात पैदास करतात ते, असं निदान म्हणता तरी येतं, जीवाश्मात आम्हाला हाडांच्या आकारावरच प्रजाती ठरवावी लागते, आणि ती आमची मांडणी असते हे मान्य करून चालावं लागतं.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर जागा पक्की करायची, मोठ्या गटाकडून छोट्याकडं उतरायचं, मोजायचं, वाढीमुळं आलेला फरक बाजूला काढायचा, आणि जिथं पुरावा संपला तिथं थांबायचं. थांबण्यासाठी आमच्याकडं ठरलेली भाषा आहे आणि ती मला फार आवडते. नुसता वंश, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट, कळला तर 'लेपिडोटीस एस्पी', म्हणजे लेपिडोटीसची कुठलीतरी प्रजाती. अमुक प्रजातीसारखा वाटतोय पण ताडून बघायचं बाकी आहे, तर मधे 'सीएफ' लिहायचं. जवळचा आहे पण तोच नाही असं वाटलं तर 'ॲफ'. नुसता गार माशाचा सुटा खवला मिळाला तर कुळाचं नाव लिहून पुढं 'इंडेट', म्हणजे याहून पुढं सांगता येत नाही. डोंगरगाव आणि इंटरट्रॅपियन थरांतले (म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधल्या गाळातले) सुटे खवले बहुतेक असेच नोंदवले जातात. कुळापर्यंतच सांगितलं म्हणून तो नग कमी किमतीचा होत नाही, गार मासे आज फक्त अमेरिका खंडात आणि क्युबात आहेत आणि एके काळी ते आपल्या विदर्भात पोहत होते, हे त्या एका नखाएवढ्या खवल्यानं सांगितलं.

आता नावाकडं येतो. तुमच्या माशाच्या बाबतीत इतिहास मजेदार आहे. कोट्याच्या माशाचं पहिलं नाव १८५१ चं, लेपिडोटीस डेक्कनेन्सिस. कर्नल साईक्स यांनी तो लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढं 'दख्खनच्या पठारावरचा जीवाश्म मासा' म्हणून मांडला आणि वर्णन सर फिलिप एगर्टन यांनी केलं. हेच साईक्स आपल्या भीमेच्या खोऱ्यात फिरलेले, १८३९ मध्ये त्यांनी दख्खनच्या जिवंत माशांवर लिहिलं आणि कोळ्यांच्या तोंडची नावं सरळ लॅटिन नावात घातली. बोगट, फुलंगी, कोलस, सींघाला ही सगळी आज शास्त्रीय नावं आहेत. उजनीचा शिंगाळा विकत घेताना तुम्ही जे नाव घेता तेच जगातल्या प्रत्येक मत्स्यशास्त्राच्या पुस्तकात आहे, मला याचा फार अभिमान वाटतो.

पण 'डेक्कनेन्सिस' नाव तसं बघितलं तर जागेला नीट बसत नाही. सिरोंचा दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या बाहेर आहे, आणि तो मासा जगला तेव्हा तो पाषाण तयार व्हायला अजून दहा कोटी वर्षं बाकी होती. तरी नाव बदलत नाही. आंतरराष्ट्रीय प्राणी-नामकरण संहिता सांगते की आधी दिलेलं नाव चालणार, ते अर्थानं चुकीचं आहे म्हणून काढता येत नाही. या नियमांची सुरुवात लिनियसच्या 'सिस्टिमा नॅच्युरी' या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून, १७५८ पासून धरतात. नाव म्हणजे पाटी आहे, वर्णन नाही, आणि पाट्या सारख्या बदलल्या तर दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसानं कशाबद्दल लिहिलं तेच कळणार नाही.

वंशाचं नाव मात्र बदलू शकतं, कारण वंश म्हणजे नातं, आणि नात्याबद्दलची समज बदलते. उजनीची चिलापी घ्या. माझ्या जुन्या पुस्तकात तिचं नाव टिलापिया मोझांबिका, मधे सॅरोथेरोडॉन झालं, आता ओरिओक्रोमिस मोझांबिकस. वंश बदलला, प्रजातीचं नाव तेच राहिलं, फक्त शेवट वंशाच्या लिंगाप्रमाणं बदलला. आणि पुढं (पीटर्स, १८५२) असं कंसात लिहितात, तो कंस उगाच नसतो, पीटर्स यांनी नाव दिलं तेव्हा ही दुसऱ्या वंशात होती एवढं तो कंस सांगतो. लेपिडोटीसचं पण तसंच, जाड खवल्यांचा ज्युरासिक-क्रेटेशियसचा मासा दिसला की लेपिडोटीसमधे टाक असं शंभर-दीडशे वर्षं चाललं, मग २०१२ मध्ये आद्रियाना लोपेझ-अरबारेलो यांनी या सगळ्या घराण्याची नाती नव्यानं तपासली आणि बऱ्याच प्रजाती दुसऱ्या वंशांत गेल्या. कोट्याच्या उंच माशांपैकी काहींना जैन यांनी १९७३ मध्येच पॅराडॅपेडियम हा वेगळा वंश केला होता. म्हणून जुन्या पुस्तकातलं नाव आणि नवीन पेपरातलं नाव वेगळं दिसलं तर कुणीतरी चुकलंय असं समजू नका.

कधीकधी तर नाव तसंच राहतं आणि मासाच दुसऱ्या घरात जातो. हेलिकोप्रिऑन, कार्पिन्स्की यांनी १८९९ मध्ये नाव दिलं, हातात काय होतं तर जिलेबीसारखं गुंडाळलेलं दातांचं चक्र. ते नाकावर होतं का, पाठीवर का शेपटीवर, शंभर वर्षं चित्रं निघाली. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या आयडाहोच्या एका नगाचं सीटी स्कॅन झालं तेव्हा कळलं की चक्र खालच्या जबड्यात होतं आणि प्राणी खऱ्या शार्कपेक्षा कायमेरा माशांच्या, म्हणजे शार्कच्या लांबच्या नात्यातल्या कूर्चेच्या माशांच्या, जवळचा. एवढं सगळं उलटंपालटं झालं तरी नाव हललं नाही, कारण ते त्या पहिल्या दातांच्या चक्राला बांधलेलं होतं.

तर तुमचा मासा नवीन निघालाच असं धरू. नाव द्यायला काय लागतं? छापील किंवा नोंदणी झालेलं प्रकाशन लागतं, त्यात 'ही नवीन प्रजाती' असं स्पष्ट लिहिलेलं, दुसऱ्या प्रजातींपासून वेगळं कशावरून ते शब्दांत मांडलेलं, होलोटाइप कुठला आणि तो कुठल्या संग्रहात आहे ते. २०१२ पासून नुसतं ऑनलाइन प्रकाशनही चालतं, पण झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंद करावी लागते. नाव रोमन अक्षरांत, देवनागरीत चालत नाही. फेसबुकवर लिहिलं, पेपरात बातमी आली, यानं नाव लागत नाही, उलट ते 'नोमेन न्यूडम' होतं, म्हणजे अंगावर काही नसलेलं नाव, आणि पुढच्यांचा गोंधळ वाढतो. म्हणून मनातलं नाव कुठंही टाकू नका, इथं पण नको.

'सोलापुरेन्सिस' मला स्वतःला ऐकायला गोड वाटेल, पण देऊ नये असं माझं ठाम मत आहे. 'एन्सिस' म्हणजे तिथला, आणि मासा सोलापूरचा नाही, ट्रंक सोलापूरची आहे. नियम अडवणार नाही, पण डेक्कनेन्सिससारखी दिशाभूल आपण जाणूनबुजून कशाला करायची. आजोबांचं नाव मात्र योग्य वाटतं मला. ज्यानं नग जपला त्याचं नाव देण्याची जुनी रीत आहे. पुरुषाचं नाव असेल तर शेवटी 'आय' (i), बाईचं असेल तर 'एई' (ae) ही रोमन अक्षरं लागतात. डोंगरगावचा इओसेरॅनस हिस्लॉपी, १९०८ मध्ये वुडवर्ड यांनी नाव दिलेला, नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांच्यासाठी. सीलाकँथ १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जिवंत सापडला तेव्हा ज्यांच्या नजरेनं तो वाचला त्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांच्यावरून वंशाचं नाव लॅटिमेरिया आणि चालुम्ना नदीवरून प्रजातीचं चालुम्नी. कोट्याच्याच थरातला मोठा डायनासोर बारापासॉरस टागोराय, बंगालीत 'बडो पा' म्हणजे मोठा पाय, आणि टागोर तर सगळ्यांना माहीत. नाव तुम्ही स्वतः नाही देणार, जो वर्णन लिहील तो देईल, पण तुम्ही सुचवू शकता आणि बहुतेक जण आनंदानं ऐकतात.

अट एकच, आणि ती अवघड आहे हे मला कळतंय. होलोटाइप घरात ठेवता येत नाही. तो अशा संग्रहात द्यावा लागतो जिथं पन्नास वर्षांनी कुणीही जाऊन बघू शकेल, जिऑलॉजिकल सर्व्हे किंवा कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या भूशास्त्र संग्रहालयासारख्या. मी लोकांना त्यांच्या घरातली वस्तू देऊन टाका असं एकदम सांगत नाही. आधी साचा काढून घेता येतो, हुबेहूब, तो घरी ठेवा. आणि नग नवीन निघाला नाही, आधीच्याच प्रजातीचा निघाला, ज्याची शक्यता खरं सांगायचं तर जास्त आहे, तर तो तुमच्याच घरी राहू दे, फक्त चिठ्ठी लावून.

आता तुम्ही काय करायचं. सकाळच्या उन्हात, पाटी जमिनीवर ठेवून, डावीकडून वरून तिरका प्रकाश येईल असा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी. पूर्ण पाटी, मग डोकं, मग मधले खवले, मग पाठीवरच्या पराचं मूळ, आणि पाटीची मागची बाजू आणि कड पण, कारण दगडाचा थर कडेलाच वाचता येतो. तेलाचा थर जायला काय लावायचं ते फोटो बघितल्यावरच सांगेन, तोवर हात लावू नका. ट्रंकेत अजून काही असेल, डायरी, नकाशा, पत्र, बदलीची ऑर्डर, बाजूला काढा आणि त्यातलं काहीही टाकू नका.

आणि तुम्ही लिहिलंय की आजी आहेत, ऐंशीच्या पुढं, स्मरण चांगलं आहे. त्यांच्याजवळ निवांत बसा, चहा घेऊन, आणि दगड हातात देऊन विचारा की हे कधी घरात आलं, तेव्हा ते कुठल्या क्वार्टरमध्ये राहत होते, नदी जवळ होती का, आजोबा रपेटीवर कुठं कुठं जायचे. 'कोटा' किंवा 'प्राणहिता' हे शब्द तुम्ही आधी उच्चारू नका, त्यांच्या तोंडून येऊ द्या. जे बोलतील ते त्यांच्याच शब्दात लिहून खाली तारीख घाला, आणि त्या कागदाचा फोटो माशाच्या फोटोबरोबर इथं टाका.